गिगाबिटची जोडणी वारंवार १०० एमबीपीएसवर का घसरते? दोष शोधण्याची रीत

घरी किंवा छोट्या कार्यालयात २०० किंवा ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतलेली असते, सुरुवातीचे काही दिवस वेग पूर्ण मिळतो आणि मग एके दिवशी वेगचाचणीचा आकडा ९४च्या आसपास येऊन थांबतो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की वेग परत येतो. काही दिवसांनी, कधी पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर तर कधी कोणी टेबल सरकवल्यावर, तो पुन्हा ९४वर येऊन बसतो. सेवा पुरवठादाराकडे तक्रार केली तर "आमच्याकडून पूर्ण वेग येतो आहे" असे उत्तर मिळते. ग्राहकाला ते टोलवाटोलवीचे वाटते, पण या विशिष्ट तक्रारीत ते बहुधा खरे असते, कारण दोष आपल्याच घरातल्या आठ तारांच्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकाला असतो.

आधी ९४ हाच आकडा का, हे पाहू, कारण निदानाचा अर्धा भाग त्यातच आहे. इथरनेटमध्ये, म्हणजे तारेच्या नेटवर्कमध्ये, माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांत जाते आणि पूर्ण आकाराच्या फ्रेममध्ये १,५०० बाइट मावतात. त्यातले ४० बाइट आयपी आणि टीसीपी या संवादनियमांच्या शीर्षकांत जातात, म्हणजे प्रत्यक्ष मजकुरासाठी १,४६० उरतात. शिवाय प्रत्येक फ्रेमचे स्वतःचे शीर्षक, शेवटची तपासणी-बेरीज, सुरुवातीचा इशारा आणि दोन फ्रेममधले सक्तीचे अंतर मिळून आणखी ३८ बाइटांचा वेळ तारेवर खर्च होतो. १,४६० भागिले १,५३८ केले की ०.९४९ येते, आणि टीसीपीमध्ये वेळेच्या नोंदीचे १२ बाइट चालू असतील तर ०.९४१. म्हणून १०० एमबीपीएसच्या निर्दोष जोडणीवर वेगचाचणी ९४ ते ९५ दाखवते आणि गिगाबिटच्या, म्हणजे १,००० एमबीपीएसच्या, जोडणीवर, मागचा प्लॅन तेवढा असेल तर, ९४० ते ९५०. तुमचा आकडा कधी ४०, कधी ७०, कधी १५० असा हलत असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो वायफायच्या गर्दीचा किंवा पुरवठादाराकडच्या ताणाचा असू शकतो. आकडा ९४वर खिळ्यासारखा ठोकलेला असेल, तर वाटेत कुठेतरी एक जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे असे समजावे.

ती का उतरते? १०० एमबीपीएसचे मानक, म्हणजे १९९५ सालचे ८०२.३यू, केबलमधल्या आठ तारांच्या चार पिळदार जोड्यांपैकी दोनच वापरते : पिन १-२ (नारंगी जोडी) आणि पिन ३-६ (हिरवी जोडी). गिगाबिटचे तांब्याच्या तारेवरचे मानक ८०२.३एबी १९९९ साली आले आणि त्याला चारही जोड्या लागतात. प्रत्येक जोडीवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी २५० एमबीपीएस धावतात आणि आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकण्याचे काम पोर्टमागची चिप करते. म्हणजे निळी जोडी, पिन ४-५, किंवा तपकिरी जोडी, पिन ७-८, यांपैकी एकीची एकच तार नीट टेकत नसेल तर गिगाबिट चालणार नाही, पण १०० एमबीपीएस बिनबोभाट चालेल. वापरणाऱ्याला दिवे लुकलुकताना दिसतात, मेल येतात-जातात, व्हिडिओही चालतो. त्यामुळे केबल ठीक आहे असा समज पक्का होतो.

दोन्ही टोकांची उपकरणे "आपण किती वेगाने बोलायचे" हे जे आपसांत ठरवतात, ती बोलणी फक्त पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात, हा यातला सर्वांत फसवा भाग आहे. नारंगी आणि हिरवी जोडी शाबूत असेल तर दोघेही गिगाबिटवर राजी होतात, मग चारही जोड्यांवर जुळवाजुळव सुरू होते, आणि तपकिरी जोडी तुटलेली असल्याने ती फसते. काही जुन्या किंवा साध्या चिप हेच पुन्हा पुन्हा करत राहतात आणि जोडणी मुळीच उभी राहत नाही. बहुतेक आधुनिक चिप मात्र काही प्रयत्न फसल्यावर गिगाबिटचा आग्रह सोडून मुकाट्याने १००वर उतरतात. एकच केबल एका लॅपटॉपला "चालत नाही" आणि दुसऱ्याला "मंद चालते", याचे कारण हेच.

एकदा १००वर उतरलेली जोडणी सहसा आपणहून वर चढत नाही. केबल काढून घातली, किंवा उपकरण बंद-चालू केले, तरच बोलणी नव्याने होतात. त्या वेळी अर्धवट टेकणारी तार योगायोगाने टेकली तर गिगाबिट मिळते आणि राउटर बंद-चालू केल्याने काम झाले असे वाटते. मग उष्णतेने, थरथरीने किंवा दमटपणाने तार पुन्हा हलते, जोडणी काही क्षण तुटते, प्रयत्न फसतात आणि मुक्काम पुन्हा १००वर येतो. राउटर दर आठवड्याला बंद-चालू करण्याची ज्यांना सवय लागली आहे, त्यांनी ही साखळी लक्षात घ्यावी.

तपासणीची सुरुवात वेगचाचणीने न करता जोडणीच्या वेगाने करावी, कारण हे दोन आकडे वेगळे आहेत. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर इथरनेट उघडल्यास जोडणीचा वेग १०००/१००० किंवा १००/१०० असा सरळ लिहिलेला असतो. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअॅडॅप्टर ही आज्ञा तेच सांगते. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा आहे, आणि तिथली डी-मेसेजची, म्हणजे यंत्रणेच्या संदेशांची, नोंद तर कमालीची स्पष्टवक्ती आहे : अनेक चिपच्या बाबतीत ठरलेला वेग एक गिगाबिट, प्रत्यक्ष वेग १०० मेगाबिट, केबल तपासा, अशा अर्थाची ओळ कर्नल स्वतःच लिहून ठेवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही जोडणी तुटल्याच्या आणि पुन्हा उभी राहिल्याच्या नोंदी वेळेसह सापडू शकतात. त्या वेळा पाऊस, विजेचे जाणे-येणे किंवा झाडूपोछा यांच्याशी ताडून पाहिल्या तर कारण पुष्कळदा तिथेच कळते. पोर्टवरच्या दिव्याचा रंगही वेग सांगतो, पण हिरवा म्हणजे गिगाबिट की नारिंगी, हे बनावटीनुसार बदलते, म्हणून माहितीपुस्तिका न पाहता रंगावर विसंबू नये.

यानंतर दोष न मानता जी उपकरणे मुळातच १०० एमबीपीएसची आहेत ती वगळावीत. बहुतेक स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट आजही १० किंवा १०० एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे टीव्हीवर ९४ दिसणे हा बिघाड नाही. यूएसबीला लावायचे स्वस्त लॅन अॅडॅप्टरही पुष्कळदा तसेच असतात. फायबरच्या ओएनटीवर, म्हणजे फायबर घरात ज्याला जोडलेली असते त्या पुरवठादाराच्या डब्यावर, चार पोर्ट असले तरी काही नमुन्यांत त्यांतला एकच गिगाबिटचा असतो आणि उरलेले १०० एमबीपीएसचे. राउटर चुकीच्या पोर्टात लावलेला असेल तर तो फक्त योग्य पोर्टात हलवल्याने प्रश्न सुटतो. आणि ज्याचा मला खरोखर राग येतो तो प्रकार म्हणजे खोक्यावर "एसी १२००" असे मोठ्या अक्षरांत छापलेले राउटर. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज १,१६७ येते, तीच वर नेऊन १२०० केलेली असते, आणि अशा कित्येक स्वस्त राउटरच्या मागचे पाचही पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. हवेत ८६७ची सोय आणि तारेत १००ची! ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर असा राउटर लावला की दरमहा दोनशे एमबीपीएसचे पैसे पाण्यात. नवा राउटर घेताना वायफायच्या आकड्याआधी वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून नेट आत घेणाऱ्या पोर्टचा, वेग वाचावा.

वायफाय वापरणाऱ्यांनाही याच वाटेने निदान करता येते. फोन राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर जोडावा आणि वायफायच्या तपशिलात जोडणीचा वेग पाहावा. दोन अँटेनांच्या, ८०२.११एसी या वायफाय मानकाच्या फोनवर तो ८६६ एमबीपीएसच्या आसपास दिसतो. तो तेवढा असून वेगचाचणी मात्र ९४ला अडत असेल, तर हवेतला टप्पा निर्दोष आहे आणि अडथळा राउटरच्या मागे, म्हणजे राउटर आणि ओएनटी यांच्यामधल्या हातभर केबलमध्ये आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ही चाचणी घेऊ नये. तिथे २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन अँटेनांनी मिळणारा जोडणीचा वेग १४४ एमबीपीएस असतो, एका वेळी एकानेच बोलायचे असल्याने प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागतो, आणि शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच १, ६ आणि ११ या तीन चॅनेलांवर असतात. तिथला आकडा इतका हलतो की त्यावरून केबलबद्दल काहीच सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष शोध. चांगली ठरलेली, कंपनीत तयार झालेली, एक-दोन मीटरची पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल, जवळ बाळगावी. लॅपटॉप तिने थेट ओएनटीला जोडावा. गिगाबिट मिळाले तर ओएनटीचा पोर्ट आणि लॅपटॉप दोन्ही ठीक. मग तीच कॉर्ड राउटरच्या वॅन पोर्टात, मग लॅनच्या पोर्टात, असे एकेक टप्पा पुढे सरकत जावे आणि ज्या बदलाने वेग १००वर येतो तिथे थांबावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि राउटर एकदमच बदलून वेग मिळाला तरी कारण हाती लागत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळे बदलावे लागते.

बहुतेक वेळा शोध हाताने क्रिम्प केलेल्या, म्हणजे चिमट्याने दाबून बसवलेल्या, कनेक्टरपाशी येऊन संपतो. असा आरजे-४५ कनेक्टर उजेडात धरून समोरून भिंगाने पाहावा. आठही तारांची तांब्याची टोके पारदर्शक प्लॅस्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. बिघडलेल्या कनेक्टरमध्ये सहसा कडेची तपकिरी तार मिलिमीटरभर मागेच थांबलेली असते आणि तिच्यावरची सोनेरी पट्टी तारेत न रुतता तिच्या टोकाला नुसती घासत असते. बाजूने पाहिल्यास दुसरी खूण दिसते : केबलचे बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत पकडलेले नसून त्याच्या बाहेरच संपलेले असते, त्यामुळे केबल ओढली गेली की सगळा ताण त्या आठ बारीक तारांवर येतो. शिवाय जोड्यांचा पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडलेला असतो. ही उलगडलेली लांबी १३ मिलिमीटरच्या आत असावी असा संकेत आहे, पण कामाची घाई असलेला माणूस सोयीसाठी दोन इंच सोलून मोकळा होतो. अशा कनेक्टरला चिमटा काढून पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. तो कापून टाकावा आणि नवा लावावा. घेताना एकसंध तारेच्या केबलसाठीचा कनेक्टर घ्यावा, कारण अनेक बारीक धाग्यांच्या लवचीक केबलसाठीच्या कनेक्टरची पाती वेगळी असतात आणि एकसंध तारेवर त्यांची पकड टिकत नाही.

तारांचा क्रम दोन्ही टोकांना टी५६८बी या रंगांच्या मानकाप्रमाणे ठेवावा : नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. पुष्कळ जण रंगांच्या जोड्या ओळीने लावतात, म्हणजे नारंगीनंतर हिरवी, मग निळी, मग तपकिरी, आणि दोन्ही टोकांना तसेच करतात. बाजारात मिळणारा साधा दिव्यांचा टेस्टर लावला तर १ ते ८ दिवे क्रमाने पेटतात आणि केबल उत्तीर्ण होते. पण पिन ३ आणि ६ आता एकाच पिळाच्या तारा राहिलेल्या नसतात. ३ हिरव्या जोडीतली, तर ६ निळ्या जोडीतली. पीळ असतो तो एकाच संकेताच्या दोन तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि वजाबाकीत तो निघून जावा म्हणून. जोडी फुटली की ती सोयच नाहीशी होते. कमी लांबीवर १०० एमबीपीएस कसेबसे चालते, गिगाबिट मात्र चालत नाही किंवा सतत तुटते. दिव्यांचा टेस्टर तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो. जोडी बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते डोळ्यांनी रंग वाचूनच पाहावे लागते.

कनेक्टर नवा लावूनही दोष परत येत असेल तर केबलच्या धातूकडे पाहावे. स्वस्त बंडलांमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार असते. ब्लेडने तार हलकेच खरवडली की आतून चंदेरी रंग दिसतो, आणि तेवढ्याच लांबीची केबल हातात घेतली तर ती लक्षात येण्याइतकी हलकी लागते. अॅल्युमिनिअमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, तार ठिसूळ असते आणि दोन-तीनदा वाकवल्यावर आतल्या आत तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. इथरनेट केबलच्या मानकांत अशी तार बसत नाही, बंडलावर "कॅट-६" ही केबलची प्रतवारी कितीही ठळक छापलेली असो. छतावरचा अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) किंवा कॅमेरा याच केबलमधून वीज घेत असेल तर त्रास दुप्पट होतो. २००३च्या ८०२.३एएफ मानकात पोर्टमधून १५.४ वॉट आणि २००९च्या ८०२.३एटीमध्ये ३० वॉट निघतात. जास्त रोधाच्या तारेत व्होल्टेज घसरते, तार तापते, आणि रात्री सगळ्यांचे फोन जोडले जाऊन उपकरण जास्त वीज मागू लागले की नेमके तेव्हाच ते बंद पडून पुन्हा सुरू होते. अशा केबलवर वेळ घालवू नये. तांब्याची कॅट-५ई पुरेशी आहे, आणि गिगाबिटसाठी कॅट-६च हवी असे नाही. एकूण लांबी मात्र पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत हवी.

आपल्याकडचा पावसाळा हे स्वतंत्र प्रकरण आहे. गच्चीवरून किंवा इमारतीच्या बाहेरून उतरवलेली केबल बहुतेक वेळा घरात वापरायचीच असते. उन्हाने तिचे पीव्हीसीचे आवरण तडकते आणि जूनमध्ये पाणी आत शिरते. पाण्याचा पराविद्युतांक ८०च्या आसपास आहे आणि तारेवरच्या पॉलिएथिलिनचा २.३च्या आसपास, त्यामुळे ओल्या भागात जोडीची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते, प्रतिबाधा, म्हणजे संकेताला होणारा विरोध, बदलते आणि संकेत तिथून परावर्तित होऊ लागतो. प्रतिध्वनी वजा करून ऐकणाऱ्या गिगाबिटला हे सहन होत नाही, तर १०० एमबीपीएस तग धरून राहते. चार दिवस ऊन पडले की केबल सुकते, वेग परत येतो आणि माणसे दोष विसरतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्याच्या भागात खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो निराळाच. बाहेरच्या भागासाठी काळ्या पॉलिएथिलिनच्या आवरणाची, आत जेल भरलेली केबल मिळते, तीच घ्यावी. खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी गळून जाते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांचे परिणामही याच लक्षणाने प्रकट होतात. जवळ वीज पडली की लांब केबलमध्ये क्षणभर मोठे व्होल्टेज उत्पन्न होते आणि कधीकधी पोर्टमागच्या चिपची एकच जोडी जळते. पोर्ट मेलेला दिसत नाही, कारण तो १००वर चालतच राहतो. तीच चांगली कॉर्ड शेजारच्या पोर्टात घालून गिगाबिट मिळाले आणि या पोर्टात कधीच मिळत नसेल, तर तो पोर्ट कायमचा गेला असे धरावे. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची केबल तर टाकूच नये. तिथे फायबर घालावे, कारण काचेतून वीज वाहत नाही.

जुन्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट सापडते. एकाच केबलच्या दोन-दोन जोड्या वेगळ्या करून दोन संगणक चालवलेले असतात, किंवा निळी जोडी टेलिफोनला दिलेली असते. १००च्या जमान्यात ते चालून गेले; आज भिंतीतला बॉक्स उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. बॉक्समधल्या खाचांत तारा स्क्रूड्रायव्हरने ढकललेल्या दिसल्या तर त्या खाचेत तार दाबून बसवणाऱ्या पंच-डाउन टूलने पुन्हा बसवाव्यात. दोन केबली जोडणारे कपलर शक्यतो काढून टाकून सलग केबल टाकावी.

सॉफ्टवेअरकडे शेवटी यावे, पण यावे जरूर. लॅपटॉप बॅटरीवर असताना वेग कमी करण्याची सोय काही नेटवर्क कार्डांच्या सेटिंगमध्ये असते. चार्जर काढल्यावर ९४ आणि लावल्यावर पूर्ण वेग, असे दिसले तर कारण तेच. वीज वाचवणारी इथरनेटची सोय, २०१०चे ८०२.३एझेड मानक, काही उपकरणांच्या जोडीत अधूनमधून जोडणी तोडते. ती दोन्ही टोकांना बंद करून पाहावी. आणि कोणीतरी कधीकाळी एका टोकाला "१०० फुल डुप्लेक्स" असे पक्के बांधून ठेवले असेल तर ते पुन्हा स्वयंचलित करावे. एक टोक बांधलेले आणि दुसरे मोकळे असले की मोकळे टोक हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेचे बोलणे, धरते, टकरी होत राहतात आणि वेग ९४च्याही पुष्कळ खाली जातो.

लांब केबल भिंतीतून गेली असेल आणि तोडफोड टाळायची असेल तर केबल-चाचणीची सोय असलेला नेटवर्क स्विच वापरावा. २०२०च्या ५.८ या आवृत्तीपासून लिनक्सच्या इथटूलमध्येही, चिपने साथ दिली तर, ती आहे. चिप प्रत्येक जोडीत एक स्पंद सोडते आणि तो तुटलेल्या जागेवरून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. केबलमध्ये संकेत नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणून १०० नॅनोसेकंदांनी परत आलेला स्पंद १० मीटरवरची तुटलेली जागा दाखवतो. चारपैकी तीन जोड्या ठीक आणि चौथी एक मीटरच्या आत तुटलेली, असे उत्तर आले तर भिंतीला हात लावू नये, जवळचा कनेक्टरच बदलावा.

दुरुस्ती झाल्यावर लगेच वेगचाचणी करून काम संपवू नये. केबल दोन्ही टोकांना हलकेच हलवावी, जोडणी गिगाबिटवर टिकते का ते पाहावे, आणि पुढचा आठवडाभर राउटर बंद-चालू न करता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये किंवा राउटरच्या नोंदींत जोडणी तुटल्याची ओळ येते का यावर लक्ष ठेवावे. पुरवठादाराकडे तक्रार करायचीच वेळ आली, म्हणजे चांगल्या कॉर्डने थेट ओएनटीला जोडूनही लॅपटॉपवर १००/१०० दिसत असेल, तर "नेट स्लो आहे" असे न कळवता ओएनटीच्या कोणत्या पोर्टावर जोडणीचा वेग किती दिसतो आणि तोच लॅपटॉप त्याच कॉर्डने दुसऱ्या उपकरणावर किती दाखवतो, हे दोन आकडे कळवावेत, म्हणजे येणारा तंत्रज्ञ राउटर बंद-चालू करून परत न जाता बदलायचा ओएनटी सोबत घेऊनच येईल.